‘द रिटर्न ऑफ द किंग’ घरी बघताना: मोठी आवृत्ती, पुरवण्या आणि बाबा

कंदील | 2 ऑगस्ट, रात्री 10:40

मागच्या शनिवारी सांगलीला घरी होतो. माळा आवरताना डीव्हीडींचा जुना खोका हाती लागला. त्यात तळाशी ‘द रिटर्न ऑफ द किंग’चा, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या भागाचा, चार डिस्कचा संच होता, 2005 च्या दिवाळीत पहिल्या पगारातून घेतलेला. प्लेअर चालतोय का बघू म्हणून जोडला, तर आतून बाबा आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "पिक्चर नको लावूस. ते कारखान्याचं लाव."

‘कारखान्याचं’ म्हणजे तिसरी डिस्क, सिनेमा कसा बनवला ते दाखवणारी. बाबांनी तीस वर्षं नाटकांसाठी सुतारकाम केलं. फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या रंगवलेल्या चौकटी), लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे), जिने, देवघराच्या कमानी. दौऱ्यावर गाडीतून सामान उतरवून तीन तासांत वाडा उभा करायचा, प्रयोग संपला की मोडून पुन्हा गाडीत भरायचा. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही. एल्फ कोण नि ऑर्क कोण याच्याशीही त्यांना देणंघेणं नाही. पण मिनास टिरिथची ती प्रतिकृती पडद्यावर आली की ते पुढे सरकून बसतात. सात मजली पांढरं शहर, 1:72 प्रमाणात बांधलेलं, तरी माणसाच्या कितीतरी वर, सुमारे 7 मीटर उंच. कारागीर शिडीवर चढून बोटभर उंचीच्या घरांना रंग देतायत. बाबांनी पॉज करायला लावलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "कडा बघ. कुठंच नवीन वाटत नाही. रंग देऊन झाल्यावर परत मळवलंय त्यांनी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीटर जॅक्सनचा हा तिसरा भाग डिसेंबर 2003 मध्ये थिएटरला लागला तेव्हा 201 मिनिटांचा होता. फेब्रुवारी 2004 मध्ये त्याला 11 ऑस्कर मिळाली, जितकी नामांकनं तितकी. मे 2004 मध्ये तोच सिनेमा डीव्हीडीवर आला, आणि 14 डिसेंबर 2004 ला अमेरिकेत मोठी आवृत्ती आली: 251 मिनिटं, म्हणजे 50 मिनिटांचा जास्तीचा मजकूर. पहिल्या दोन डिस्कवर सिनेमा, पुढच्या दोनवर ‘अपेंडिसेस’चा पाचवा आणि सहावा भाग. टॉल्किनच्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडाला शेवटी अशीच परिशिष्टं जोडलेली आहेत, त्यावरून हे नाव. आमच्या घरी आम्ही पुरवण्याच म्हणतो.

माझं म्हणणं असं की हा सिनेमा थिएटरमध्ये पूर्ण झालाच नव्हता, तो घरच्या पडद्यावर पूर्ण झाला. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. मृतांच्या वाटेवर आरागॉर्नच्या, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या नायकाच्या अंगावर कवट्यांचा लोंढा कोसळतो तो प्रसंग फक्त मोठ्या आवृत्तीत आहे, आणि त्यातला एक तुकडा जॅक्सनने मार्च 2004 मध्ये चित्रित केला. म्हणजे ऑस्कर घरी आल्यावर! बक्षीस मिळालेल्या सिनेमाचं शूटिंग तेव्हाही चालू होतं, आणि ते निव्वळ घरी डीव्हीडी लावणाऱ्या माणसासाठी.

सारुमान या दुष्ट जादूगाराचंही तसंच. दोन भाग ज्याच्या दहशतीवर उभे राहिले त्याचा शेवट थिएटरच्या आवृत्तीत नाहीच, तो मनोऱ्यात कोंडलेला आहे एवढंच कळतं. त्याचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर ली यांना ते इतकं लागलं की ते प्रीमियरला गेले नाहीत. त्यांचं काम आपल्याला बघायला मिळालं ते या डिस्कवर. त्यात पाठीत सुरा बसतो त्या क्षणी माणूस कसा आवाज करतो हे ली यांनी दिग्दर्शकालाच समजावून सांगितलं, तो किस्सा पुरवणीत आहे. ऐकताना अंगावर काटा येतो.

तुम्ही हा भाग घरी कसा बघितलात? आणि पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातात कोणती आवृत्ती द्याल? सविस्तर लिहा. (कथेचे सगळे तपशील येतील, ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथेच थांबावं.)

देवराई | 2 ऑगस्ट, रात्री 11:25

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. पहिल्यांदा बघणाऱ्याला थिएटरचीच द्यावी.

मिनास टिरिथसमोरच्या पेलेनॉरच्या लढाईत काळ्या शिडांची जहाजं धक्क्याला लागतात, शत्रूचे ऑर्क सैनिक खुशीत असतात, आणि आतून आरागॉर्न उडी मारतो. मागोमाग हिरव्या धुक्यासारखी मृतांची फौज. 2003 मध्ये थिएटरमध्ये त्या क्षणी जो आरडाओरडा झाला तो मी विसरणार नाही. मोठ्या आवृत्तीत काय होतं? मृतांचा राजा आधीच होकार देतो, आरागॉर्न त्या चाच्यांच्या जहाजांसमोर उभा राहिलेला आपण बघतो. (त्या जहाजावर खुद्द जॅक्सन आहे, आरागॉर्नचा तिरंदाज साथीदार लेगोलास याचा बाण लागून पडतो.) पुढे जहाजं येतात तेव्हा आत कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं. एका गमतीसाठी अख्ख्या लढाईतला सर्वात मोठा धक्का घालवला.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. शत्रूच्या काळ्या दरवाजापाशी सॉरॉनचा, म्हणजे कथेतल्या मुख्य खलनायकाचा दूत बाहेर येतो. ब्रूस स्पेन्सने ते काम फार भयंकर केलंय, नुसतं तोंड दिसतं आणि त्यातले सडके दात. तो बोलतो, अंगठी नष्ट करायला गेलेल्या फ्रोडोचा चिलखती सदरा दाखवतो, आणि आरागॉर्न सरळ त्याचं मुंडकं उडवतो. दूत अवध्य असतो हो! हनुमानाला मारायला निघालेल्या रावणालाही बिभीषण हेच सांगतो, आणि रावणसुद्धा ऐकतो. कृष्णशिष्टाईच्या वेळी दुर्योधनाने कृष्णाला बांधायचा बेत केला, तर भर सभेत त्याला बोल लागला. आणि इथे ज्याला आदर्श राजा म्हणून उभा केला तो बोलणीला आलेल्या माणसाला मारतो? कादंबरीत असं काही नाही. तिथे जादूगार गँडाल्फ त्याच्या हातातल्या वस्तू हिसकावून घेतो आणि त्याच्या अटी धुडकावतो, दूत घाबरून परत पळतो. तो प्रसंग थिएटरच्या आवृत्तीतून काढला ते उत्तम केलं होतं.

तुमच्या बाबांबद्दल मात्र वाचून फार बरं वाटलं.

खारा_वारा | 3 ऑगस्ट, सकाळी 7:50

वाचनखूण साठवली. एक शंका आहे, कोणी जाणकार सांगेल का?

माझ्याकडचा मोठ्या आवृत्तीचा संच मावसभावाने लंडनहून आणलेला. धागा वाचून काल रात्री घड्याळ लावून बघितलं. दोन्ही डिस्क मिळून चार तास आणि वर एखादं मिनिट, एवढ्यात सिनेमा संपला. 251 भरत नाहीत. माझ्या संचात काही कापलंय का? इतकी वर्षं मी अपुराच सिनेमा बघत आलो की काय, या विचाराने झोप नाही लागली.

आणि रत्नागिरीच्या हवेत डिस्कला बुरशी धरते. दुसऱ्या डिस्कवर पांढरे ठिपके आलेत, मिनास टिरिथच्या मदतीला आलेले रोहन राज्याचे घोडेस्वार टेकडीवर येऊन उभे राहतात तिथेच चित्र अडकतं. इथल्या एका दुकानदाराने घासून देतो म्हणून नेली आणि आणखी ओरखडे पाडून परत दिली.

सोल्डर | 3 ऑगस्ट, सकाळी 9:15

@खारा_वारा, काहीही कापलेलं नाही, निश्चिंत झोपा.

सिनेमाच्या फिल्मवर सेकंदाला 24 चित्रं असतात. इंग्लंडमध्ये, आणि आपल्याकडेही, टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला 25 चित्रं. त्या डीव्हीडी बनवताना सोपा मार्ग घेतात, 24 ची फिल्म सरळ 25 च्या वेगाने चालवतात. सिनेमा चार टक्के पळतो. 251 ला 24 ने गुणा आणि 25 ने भागा, 241 मिनिटं येतात. म्हणजे चार तास एक मिनिट. तुमचं घड्याळ बरोबर आहे. अमेरिकेतल्या डिस्कची पद्धत वेगळी, तिथे काही चित्रं पुन्हा दाखवून वेळ मूळइतकाच ठेवतात.

यात आवाजही पळतो. सूर मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर तो अर्ध्या स्वराच्या थोडा अलीकडे इतका चढतो. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकचं गाणं काळी एकच्या जवळ जातं. ब्लू-रेवर ही भानगड राहत नाही, सिनेमा 24 नेच चालतो. मात्र ब्लू-रेच्या खोक्यावर 263 मिनिटं लिहिलेली दिसतात, त्यानेही गोंधळायला नको. शेवटी अधिकृत फॅन क्लबच्या सभासदांच्या नावांची यादी सरकत राहते, तिची मिनिटं त्यात धरली आहेत.

बुरशीसाठी: कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल अजिबात नाही. डिस्कवरची माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. आडवा ओरखडा आला तर प्लेअर चुकलेला भाग भरून काढतो, पण त्या मार्गाच्या दिशेने लांब ओरखडा आला की काही चालत नाही. घासून देणाऱ्या दुकानात पुन्हा देऊ नका. सावलीत वाळवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

पाणवठा | 3 ऑगस्ट, दुपारी 2:05

कंदील, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

मला चौथ्या डिस्कबद्दल लिहायचंय. ती फार थोडे लोक शेवटपर्यंत बघतात म्हणून.

सिनेमा संपताना ॲनी लेनॉक्सचं ‘इंटू द वेस्ट’ लागतं. गाण्याचं ऑस्करही त्याला मिळालं. मी ते गाणं कितीतरी वेळा ऐकलं होतं, जहाज जातंय, निरोप आहे, एवढंच समजून. चौथ्या डिस्कवर कॅमेरॉन डंकन या मुलाविषयी एक माहितीपट आहे. न्यूझीलंडचा शाळकरी मुलगा, छोटे सिनेमे करणारा, हाडांचा कर्करोग झालेला. जॅक्सन आणि फ्रॅन वॉल्श यांची त्याच्याशी ओळख झाली, आणि त्याच्यामुळे हे गाणं सुचलं. नोव्हेंबर 2003 मध्ये तो गेला, सिनेमा लागायच्या महिनाभर आधी. 17 वर्षांचा होता. आणि त्या डिस्कवर त्याचे स्वतःचे दोन लघुपट पूर्ण ठेवलेत.

हे मला फार मोठं वाटतं. सगळ्या जगात विकल्या गेलेल्या सिनेमाच्या खोक्यात एका सतरा वर्षांच्या मुलाचं काम ठेवलंय. कुठेही दया म्हणून नाही, दिग्दर्शक म्हणून. एका लघुपटात तो स्वतःच्या आजाराबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलतो. मी पुण्यात कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे, अशी मुलं रोज बघते. तो ज्या थेटपणे बोलतो तो थेटपणा मी ओळखते. त्यानंतर मी ते गाणं पुन्हा लावलं आणि संपल्यावर खूप वेळ टीव्ही बंद केला नाही.

@देवराई, दुताबद्दल पटलं. पण मोठ्या आवृत्तीतला रुग्णालयाचा प्रसंग तुम्ही विसरलात. थिएटरच्या आवृत्तीत रोहनच्या राजाची भाची इओविन रणांगणावर कोसळते आणि नंतर थेट राज्याभिषेकाला फारामिरशेजारी हसत उभी असते. मध्ये काय झालं? जखमी बाई बरी कशी झाली, वडिलांनी जिवंतपणी चितेवर चढवलेला मुलगा सावरला कसा, हे कोणी सांगायचं? ते दोघं खिडकीपाशी उभे राहतात तो प्रसंग मिनिटा-दोन मिनिटांचाच आहे. तो काढला तेव्हा दोन माणसं कापली गेली असं मी म्हणेन.

देवराई | 3 ऑगस्ट, दुपारी 3:30

@पाणवठा, मान्य. तो प्रसंग थिएटरच्या आवृत्तीतही हवा होता, यावर वाद नाही. माझ्याकडे दोन डिस्कचा संच आहे, त्यात तो माहितीपट नाही. चार डिस्कचा मिळवून बघतो.

आणि एक कबूल करतो. कालच्या प्रतिसादानंतर गँडाल्फची काठी मोडण्याचा प्रसंग पुन्हा बघितला. त्याबद्दलही तक्रार लिहिणार होतो, कारण कादंबरीत काठी मोडत नाही. दरवाजात गँडाल्फ आणि सॉरॉनचा सरदार समोरासमोर असतात, शहरात कुठेतरी कोंबडा आरवतो आणि रोहनची शिंगं वाजतात, एवढंच. माझ्या मते त्या पुस्तकातलं ते सर्वात सुंदर पान आहे. पण सिनेमात काठी मोडल्यावर त्याच्यासोबतच्या छोट्या पिपिनचा चेहरा बघितला आणि लिहायचं राहून गेलं.

वेलिंग्टनवासी | 4 ऑगस्ट, पहाटे 4:10

मी नऊ वर्षं वेलिंग्टनला आहे, मूळचा साताऱ्याचा. इथून दोन गोष्टी.

1 डिसेंबर 2003 ला या सिनेमाचा जागतिक प्रीमियर इथल्या एम्बसी थिएटरला झाला. चौथ्या डिस्कवर त्याचं चित्रण आहे. अख्खं शहर रस्त्यावर उतरलेलं. मी रोज त्या थिएटरवरून बसने कामाला जातो. मधल्या काळात किती इमारती बदलल्या ते त्या चित्रणाशी ताडून बघणं हा आमच्या घरचा रविवारचा उद्योग आहे.

दुसरं, मृतांच्या वाटेचा सुरुवातीचा भाग, घोडे ज्या घळीतून जातात ती. ती जागा पुतांगिरुआ पिनॅकल्स, इथून गाडीने दोनेक तासांवर. मुलांना घेऊन गेलो होतो. ओढ्याच्या पात्रातून गोट्यांवरून चालत जावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना चार-पाच मजली सुळके. आपल्याकडच्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना ते खडक वाटतात. हात लावला की कळतं, तो खडक नाहीच. गोटे आणि माती यांचा थर पावसाने कापत नेलाय, वर एखादा मोठा दगड छत्रीसारखा आहे तेवढाच खांब शिल्लक. वारा आला की बारीक खडे घरंगळतात आणि पूर्ण घळीत त्यांचा आवाज घुमतो. मुलं आपोआप हळू बोलायला लागली.

@कंदील, ड्राय क्रीकची दगडाची खाण माहीत आहे ना? दुसऱ्या भागातला हेल्म्स डीपचा किल्ला तिथेच खऱ्या आकारात बांधला होता. ते शूटिंग संपल्यावर त्याच जागी, तेच बांधकाम फिरवून-बदलून मिनास टिरिथचे रस्ते केले. बाबांना सांगा.

सोल्डर | 4 ऑगस्ट, सकाळी 9:40

व्यनितून (खासगी निरोपातून) दोघांनी विचारलं, आता घ्यायचा तर कोणता घ्यावा. इथेच लिहितो.

डिसेंबर 2020 मध्ये 4के संच आला. त्यात दोन्ही आवृत्त्या आहेत, मोठी आवृत्ती दोन डिस्कवर. चित्राला डॉल्बी व्हिजन आणि आवाजाला ॲटमॉस. काळ्या दरवाजापाशी मनोरा कोसळतो तेव्हाचा आवाज ॲटमॉसमध्ये ऐकण्यासारखा आहे. चित्राबद्दल मतभेद आहेत. सिनेमा 35 मिमी फिल्मवर शूट झालेला, पण त्या काळात बहुतेक इफेक्ट 2के, म्हणजे कमी बारकाव्याच्या चित्रात तयार व्हायचे, ते वाढवून घ्यावे लागले. शिवाय फिल्मचा दाणा बऱ्याच ठिकाणी पुसलाय, जवळच्या चेहऱ्यांवर त्वचा जरा मेणासारखी दिसते. रंग मात्र तिन्ही भागांत एकसारखे झालेत, आणि मिनास टिरिथचं पांढरं आता खरोखर पांढरं दिसतं.

पण त्या संचात पुरवण्या नाहीत. एकही नाही. पुरवण्या 2004 च्या चार डिस्कच्या डीव्हीडीत आहेत, आणि 2011 च्या 15 डिस्कच्या ब्लू-रे संचात, तिथेही त्या डीव्हीडीवरच दिल्यात. तेव्हा नवा संच घ्या, जुना रद्दीवाल्याला देऊ नका. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (मध्ये जास्तीची चित्रं भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आठवणीने बंद करा, नाहीतर रोहनच्या थिओडन राजाची चाल मालिकेसारखी दिसेल.

खारा_वारा | 4 ऑगस्ट, सकाळी 11:20

@सोल्डर, तुमच्या पद्धतीने पुसली आणि घोडेस्वार टेकडीवरून खाली उतरले! थिओडन भाल्यांवर तलवार आपटत जातो तो प्रसंग तीन वर्षांनी बघितला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती. खूप आभार.

कंदील | 5 ऑगस्ट, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

@वेलिंग्टनवासी, खाणीची गोष्ट बाबांना फोनवर सांगितली. लगेच म्हणाले, "मग? आम्ही काय वेगळं करत होतो? एका नाटकाचा वाडा रंग बदलून दुसऱ्या नाटकात देऊळ व्हायचा. लाकूड फुकट थोडंच मिळतं."

@देवराई, तुमचा जहाजांचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. तुम्ही बरोबर आहात. पहिल्यांदा थिएटरची, मग मोठी. दुताबद्दलही. त्याच जागेची आणखी एक गोष्ट: त्या शेवटच्या लढाईत आरागॉर्न स्वतः सॉरॉनशी लढतो असं आधी ठरलं होतं आणि तसं चित्रितही झालं होतं. नंतर त्यांना ते चुकीचं वाटलं, आणि सॉरॉनच्या जागी संगणकाने राक्षसी ट्रोल बसवला. मारामारी तीच, समोरचा बदलला. मूळ कल्पना तिसऱ्या डिस्कवर आहे. ज्यांनी तो मोह आवरला त्यांनी दुताच्या वेळीही आवरायला हवा होता, हे पटलं.

@पाणवठा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. रविवारी मी पुन्हा सांगलीला जातोय, चौथी डिस्क आम्ही तिघं बघणार.

बाबांना बंदरावरच्या निरोपाची गोष्टही सांगितली. तो प्रसंग तीनदा चित्रित करावा लागला. पहिल्या वेळी जेवणाच्या सुट्टीनंतर फ्रोडोच्या सोबत्याचं, सॅमचं काम करणारा शॉन ॲस्टिन आतलं जाकीट घालायला विसरला. दुसऱ्या वेळी चित्रण अंधुक निघालं. तिसऱ्यांदा सगळे पुन्हा पहिल्यापासून रडले. बाबांना हसू येईल असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "कपडेपट सांभाळणाऱ्याला त्या रात्री झोप लागली नसेल."

आज आईचा फोन आला होता. बाबांनी पोटमाळ्यावरून करवतीचं जुनं पातं आणि प्लायची फळकुटं खाली काढली आहेत. 1:72 म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. सहा फुटाला एक इंच, ते त्यांनी टीव्हीसमोर बसल्या बसल्याच मोजलं होतं. बारा फुटी फ्लॅट दोन इंचांचा कापून झालाय, मागच्या टेक्यासकट. आता बिजागरी एवढी बारीक कुठे मिळेल ते विचारतायत. कोणाला माहीत असेल तर सांगा.